चौथ्या चाकाचा नट

नट घट्ट बसला की पाना सांगतो. तळहाताला एक बारीकसा झटका बसतो. तो बसला की समजायचं, झालं, सोडा आता. तीस वर्षं नगरला गॅरेज चालवतोय, हा झटका मला डोळे मिटून कळायचा. त्या सोमवारी सकाळी एका टेम्पोचं चाक बसवत होतो आणि झटका काही येईना. मी आवळतोय, आवळतोय. शेवटी टेम्पोवालाच ओरडला, "ओ मिस्त्री, आटे घालवता काय त्याचे?" बघतो तर नट केव्हाच बसलेला.

हाताला दोन दिवस मुंग्या येत होत्या. म्हटलं, वय झालं. मंदा, माझी बायको, म्हणाली, "दवाखान्यात जा." मी म्हणालो, "तूच जा." आमचं असंच चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टाकले आणि सरळ फरशीवर बसलो. पाय जागेवर होते, पण माझं ऐकत नव्हते.

हे सगळं लिहायला बसलो याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, माझ्यासारखं कुणी हातपाय गळून पडलं असेल, तर त्याला कुणीतरी हे वाचून दाखवावं. माणूस यातून उठतो, बाबांनो. दुसरं कारण पुढं येईलच. ते सांगायला मी चौदा वर्षं घेतली, आता चार पानं उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी एक रबरी हातोडी काढली आणि गुडघ्यावर मारली. गुडघा ढिम्म. मला हसूच आलं. आयुष्यभर मी हातोडीनं दुसऱ्याचे सांधे ठोकले, आता माझा नंबर.

"जीबीएस आहे," त्या म्हणाल्या. "नसांचा आजार."

"म्हणजे इंजिन चांगलंय आणि वायरिंग जळालंय, असंच ना?"

"जळालं नाही काका. वायरीवरचं रबर गेलंय. ते परत येतं. वेळ लागतो."

"किती?"

हे त्यांनी सांगितलं नाही. मला एका श्वासात आकडे मोजायला लावले. सकाळी वीसपर्यंत पोचलो. दुपारी अकरा. चार वाजता सातावर दम संपला, तेव्हा त्यांनी मंदाला बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून मला मंदाची फक्त पाठ दिसत होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. घाबरलो. खोटं कशाला बोलू? असा घाबरलो की देव, आई, शाळेतले मास्तर, सगळे आठवले.

श्वासाची नळी घालायच्या आधी माझा जुना दोस्त भानुदास आला. धावत आला असेल, कारण त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मिस्त्री, निवांत पड. गिअर मारायचा न्हाई, ठेवायचा."

मला त्याच वेळी त्याला एक गोष्ट सांगायची होती. तोंड उघडलं, आणि त्यांनी नळी घातली.

भानुदास

आज नगरमध्ये भानुदासला लोक ओळखतात ते मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणून. छपरावर पिवळी पाटी लावलेली गाडी, आणि शेजारी शिकाऊ माणूस नसला तरी चाळीसच्या पुढं काटा नेत नाही. मागून लोक हॉर्न मारून मारून थकतात. रिक्षावाले शिव्या देऊन पुढं जातात. त्यातल्या कुणालाही खरं वाटणार नाही, पण या माणसाइतका वेगवान ड्रायव्हर आमच्या जिल्ह्यानं बघितलेला नाही.

सुरुवात पाथर्डीच्या काळीपिवळी जीपवर. आत बारा, मागं लटकलेले चार, टपावर बोचकी, आणि हा घाटात अशी वळणं घ्यायचा की म्हाताऱ्या माणसाची तंबाखू तळहातावरून सांडायची नाही. मी तेव्हा स्टँडजवळ पंक्चर काढायचो. एक दिवस त्याची जीप माझ्याकडं आली. गिअरबॉक्स उघडून बघितला आणि चाटच पडलो. चार वर्षं पळालेली गाडी, आणि दात नव्यासारखे. "तू चालवतोस का ढकलतोस?" मी विचारलं. तो म्हणाला, "गिअर मारायचा न्हाई, ठेवायचा." तिथून आमची दोस्ती झाली.

दोघांनी मिळून एक भंगारातली जीप उभी केली. माळावरच्या मातीच्या ट्रॅकवर आधी नगर जिल्ह्यात जिंकलो, मग नाशिककडं, मग पार दक्षिणेत. तिथं आमची भाषा कुणाला कळत नव्हती, पण भानुदासच्या गाडीमागची धूळ सगळ्यांना कळली. शर्यत संपली की तो लगेच दार उघडायचा नाही. धूळ बसेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. उतरला की पहिला प्रश्न, "त्यो तिसऱ्या नंबरचा उलटला हुता, बरा हाय का?" कप घ्यायला मागाहून जायचा. गर्व म्हणून या माणसाला माहीत नव्हता. मी मात्र त्याच्या वाटणीचाही मिरवायचो.

आतला मुक्काम

आयसीयूत वेळ कळत नाही, हा सगळ्यात मोठा जाच. तुमचं माणूस आत असेल तर एक करा, त्याच्या नजरेसमोर भिंतीवर घड्याळ लावायला सांगा. मला ते सहाव्या दिवशी मिळालं, आणि मला रडू आलं. पुसायला हात नव्हता, म्हणून पाणी कानात गेलं. मग कान खाजायला लागला. एवढा मोठा देह पडलेला, आणि सगळा जीव त्या एका कानात.

झाडूवाल्या मावशीला कसं कळलं देव जाणे. तिनं पदराच्या टोकानं माझा कान पुसला, चांगला खसाखसा खाजवला, आणि म्हणाली, "आज रविवार हाय बरं का, मामा. भायेर लई ऊन." तेव्हापासून ती रोज वार सांगायची. डॉक्टरांनी मला जगवलं, त्यात शंका नाही. पण माणसात ठेवलं ते या बाईनं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. गळ्याला भोक पाडून नळी तिथं घातली, तिथून कफ ओढायचा. तो ओढताना डोळ्यापुढं काजवे चमकतात. भेटायला एक वेळ मंदा, एक वेळ भानुदास. तो दुपारी यायचा, सकाळची शिकवणी उरकून, मंदाचा डबा घेऊन. माझ्या बोटांचा एकेक सांधा वाकवायचा, सरळ करायचा, आणि बोलत राहायचा. "आज एक मास्तरीण आल्ती शिकायला. ब्रेक म्हनलं की डोळे झाकती. आता काय करावं?"

तो माझी बोटं चोळायचा आणि मला वाटायचं, नको रे बाबा, या हाताला नको हात लावूस.

त्या माळावर

आता ते सांगतो.

माझी एक पद्धत होती. चाकाचे नट लांब पान्यानं आवळले की प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. बाटली मंदाचीच. ठिपका आहे म्हणजे काम झालं. क्रम ठरलेला. मागची दोन, मग पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं.

पाथर्डीकडच्या एका माळावर शर्यत होती. गर्दी इतकी, की बांबूच्या कठड्याला लोक पोट लावून उभे होते. तीन चाकं झाली. चौथ्याचे नट मी बोटानं फिरवून बसवले आणि पाना घ्यायला वळलो, एवढ्यात मंदा ताट घेऊन आली. गाडीला ओवाळल्याशिवाय आम्ही कधी सोडली नाही. "व्हा बाजूला," म्हणाली. मी झालो. तिनं नारळ फोडला, ओवाळलं, आणि चारी चाकांच्या एकेका नटाला कुंकू लावलं. मग भोंग्यावरून आमचं नाव पुकारलं, संयोजक हाताला धरून ओढायला लागले. मी गाडीभोवती एक फेरी मारली. चारी चाकांवर लाल दिसलं. म्हणालो, "सोडा."

तिसऱ्या फेरीला वळणावर पुढचं डावं चाक निघालं. गाडी कठडा तोडून माणसांत गेली.

तीन माणसं गेली. त्यांची नावं मला पाठ आहेत, पण ती या कागदावर लिहायचा हक्क त्यांच्या घरच्यांचा आहे. भानुदास कपाळ फुटलेलं घेऊन मातीत गुडघ्यावर बसला होता आणि एकच म्हणत होता, "माझा हात चुकला. माझा हात चुकला."

मी सुरुवातीच्या रेषेकडं पळालो. का पळालो, ते मला पळतानाच कळलं असावं. धुळीत एक नट पडला होता. त्याच्यावर कुंकू होतं. खाली ठिपका नव्हता.

मी तो खिशात टाकला.

बस, एवढंच केलं मी. तोंड उघडलं नाही. गाडीचा चेंदामेंदा झाला होता, आधी काय निखळलं आणि नंतर काय, हे कुणाला सांगता आलं नाही. भानुदासनं स्वतःच जबाब दिला की वळणावर आपला अंदाज चुकला. केस चालली, तो सुटला, पण स्वतःला त्यानं सोडलं नाही. शर्यत बंद केली. दरवर्षी त्या तारखेला तो तिन्ही घरी जातो, उंबऱ्याबाहेर बसतो. पहिल्या वर्षी एका घरच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो म्हणाला, "ह्या घरचं पाणी प्यायची माझी लायकी न्हाई." तेव्हापासून तिन्ही घरी पाण्याशिवाय बसून येतो. मला म्हणायचा, "तू कशाला येतो? तुझा काय दोष?"

मी सांगितलं नाही, कारण भ्यालो. आणि स्वतःशी म्हणायचो, मंदाला कळलं तर ती कुंकवाचा दोष स्वतःकडं घेईल, तिच्यासाठी गप्प बसलोय. चांगलं कारण सापडलं की माणूस निवांत भित्रा राहतो.

अक्षरांचा तक्ता

आयसीयूत पडल्यावर वाटलं, आता मी मरणार आणि हे माझ्याबरोबर जाळलं जाणार. भानुदास मरेपर्यंत चाळीसनं गाडी चालवणार. उशाशी ठेवलेलं मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं, आणि मला एवढंच हवं होतं, एक वाक्य बोलण्यापुरता माझा स्वतःचा श्वास.

सिस्टरनी एक तक्ता आणला, त्यावर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं आणि खाली काना-मात्रा. बोट फिरवायचं, मी पापणी मिटली की ते अक्षर. मंदा बोट फिरवत होती. मला घामानं भिजल्यासारखं झालं, तरी मी अक्षरं जुळवली. कुं. कू.

बस, तिथंच दमलो. मंदा तक्त्याकडं बघत राहिली. मग तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी आली ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. "हे बघा," म्हणाली, "हाय जागेवर. आणि ऱ्हाणारच हाय. असलं काय मनात आणायचं न्हाई." बिचारीला वाटलं मी निरोप घेतोय. मी दोनदा पापण्या मिटल्या, नाही म्हणून. तिला ते दिसलंच नाही, डोळे भरले होते तिचे.

पहिलं वाक्य

सदतिसाव्या दिवशी मशीन निघालं. आणखी काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी गळ्याच्या नळीला बूच लावलं आणि म्हणाल्या, "काका, बोला बघू." दुपारची वेळ, मंदा आणि भानुदास दोघंही होते. मंदा पुढं सरकली. तिला वाटलं तिचं नाव घेणार.

मी म्हणालो, "भान्या, चौथं चाक मी आवळलं नव्हतं."

आवाज घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. पण शब्द स्वच्छ आले. थांबत थांबत सगळं सांगितलं. ठिपका, कुंकू, धुळीतला नट. भानुदासच्या हातात डबा होता, तो त्यानं स्टुलावर ठेवला.

"नट कुठाय?"

"गॅरेजात. बॅटरीच्या कपाटात, चहापत्तीच्या डब्यात."

तो गेला. डबा तसाच राहिला.

आठ दिवस

भानुदास आठ दिवस आला नाही.

मंदा मोसंबं सोलत बसायची आणि सालं अशी फेकायची की शेजारच्या पेशंटच्या खाटेखाली जायची. तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटला. "माझ्या कुंकवाचं नाव कशाला घेता मधी? मी ओवाळायला आल्ते, चाक आवळायला न्हाई. लाल दिसलं की काम झालं म्हनायचं व्हय? हात लावून बघायला काय झालं हुतं?"

तिनं दुसरं मोसंबं उचललं.

"आन् चौदा वर्सं शेजारी झोपून मला सांगितलं न्हाई. मी काय मोडून पडले असते? एवढी कच्ची वाटले तुमाला?"

मग एक फोड माझ्या तोंडात कोंबली. "खा आता. सांगून टाकलंत, लई चांगलं केलंत. उशीर केला, पन केलंत." तिच्या बोटांना मोसंब्याचा वास येत होता. मी तिची माफी मागितली आणि तिनं आणखी एक फोड कोंबली.

फिजिओवाले म्हणायचे, मामा प्रगती थांबली तुमची. खरं होतं. दुपार झाली की माझं लक्ष दाराकडं.

नवव्या दिवशी भानुदास आला. खाली बसला, माझा पंजा उघडला आणि तो नट त्यात ठेवला.

"लागतो का हाताला?"

"थोडा. गार लागतो."

मग तो म्हणाला, "काल पाथर्डी रोडला गेल्तो. एकटाच. शंभरवर नेली." त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "जराबी हालला न्हाई. ह्यो हात चांगला हुता, मिस्त्री. चौदा वर्सं तू मला माझ्याच हाताचं भ्या घातलं. पोरगी सायकल शिकत हुती, तर मागनं सीट धरली न्हाई मी. म्हनलं, हात चुकायचा."

तो रडला. खांदे गदगदत होते. मला त्याला धरता येईना, हात कोपराच्या वर उचलतच नव्हता.

"माफ कर मला," मी म्हणालो.

"माझं मी बघंन," भानुदास म्हणाला. "राग हाय अजून, जाईल तवा जाईल. पन खरी माफी माझ्याकडं न्हाई, तीन घरांत हाय. यंदा त्या तारखेला तू येनार. आन् तुझ्या पायानं चालत. चाकाच्या खुर्चीत बसवून न्यायचो न्हाई मी."

असा दोस्त कुणाला मिळतो, सांगा मला. शिव्या घातल्या असत्या, मारलं असतं, कायमचा निघून गेला असता, तरी चाललं असतं. त्यानं मला उठायला कारण दिलं. आजारी माणसाला "काळजी करू नका" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याला कुठंतरी जायचं असेल, तर तो लवकर उठतो. तुमच्याही माणसाला असं एखादं ठिकाण शोधून द्या.

रोज तो नट एका बोल्टावर चढवायचा आणि उतरवायचा, हा माझा व्यायाम. पहिल्यांदा चढवायला पाऊण तास लागला. दोन कठड्यांच्या मधून चार पावलं. मग आठ. एकदा तोंडावर आपटलो, दात हलला. घरी आल्यावर आधी पोलीस चौकीत जाऊन सगळं लिहून दिलं. पुढं काय व्हायचं ते होईल.

उंबरा

त्या तारखेला सकाळी भानुदास पिवळ्या पाटीची गाडी घेऊन दारात आला. पाना माझ्या हातात दिला. "चारी चाकं बघ."

मी जमिनीवर बसून सरकत सरकत एकेक नट हातानं चाचपला, मग पाना लावला. मंदा दारात कमरेवर हात ठेवून उभी. चौथ्या चाकाच्या शेवटच्या नटाला तळहाताला कायतरी जाणवलं. बारीक, दुरून आल्यासारखं. पण झटकाच होता तो. "बसला," मी म्हणालो.

पहिलं घर त्या आईचं. तिचा एकुलता एक मुलगा त्या दिवशी कठड्याला उभा होता. अंगणात लिंबाखाली ती बाजरी पाखडत होती. भानुदास नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर बसला. मी काठीवर उभाच राहिलो, कारण बसलो तर उठता येईल याची खात्री नव्हती. सगळं सांगितलं. नट तिच्या उंबऱ्यावर ठेवला.

तिचं सूप थांबलं होतं. नटाकडं बघत म्हणाली, "लाल दिसलं, म्हनून सोडली."

"हो, आई."

"माझं पोरगं सकाळधरनं भानुदास भानुदास करीत गेल्तं." एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. लागलं असतं तरी तिचं बरोबरच होतं.

ती बाहेर आली ती तांब्या घेऊन. भानुदासपुढं ठेवला. "चौदा वर्सं तहानेला बसतो दारात. आता पी."

भानुदासनं दोन्ही हातांनी तांब्या उचलला. शर्टावर पाणी सांडत होतं, पण तो पीत राहिला, तळाचा थेंब जाईपर्यंत. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत, काठीसकट.

"तुला आज न्हाई देनार," ती म्हणाली. "पुढच्या साली ये."

"येतो," मी म्हणालो.

ती पुन्हा सुपाकडं वळली. भानुदास उठला, बाहीनं तोंड पुसलं आणि गाडीकडं चालायला लागला. मला त्यानं हात दिला नाही. गाडीचं दार उघडून, मी चालत तिथं पोचेपर्यंत, तो धरून उभा राहिला. अजून दोन घरं बाकी होती.